गोठ्यात लावलेली गाणी

आईला अक्षदाचा पुण्याहून वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनच केला असता, पण खोलीतल्या दोघीही मिहिकाच्या फॅन ग्रुपमधल्या आणि सध्या त्या माझ्याशी बोलत नाहीत; त्यांच्यासमोर हे फोनवर सांगवेना.

झालं असं, की मिहिकाचा नवा अल्बम आठवड्यातच चार्टवर खाली घसरला. ग्रुपवर ठरलं, सगळ्यांनी गाणी रात्रंदिवस लावून ठेवायची म्हणजे ऐकल्याचा आकडा वाढतो, आवाज बंद असला तरी चालेल. मी एवढंच लिहिलं, की ऐकायचं नाही तर लावायची कशाला, मलाही यावेळची नाय आवडली. तर मलाच ग्रुपमधून काढलं. अल्बम माझ्यासारख्यांमुळं पडला म्हणतात. तू काळजी करू नको. डबा एकटी खाते, एवढंच.

शिनोलीत सगळे बरे ना? सूरजदादाचा खोकला गेला का?

मी सांगितलं म्हणून तू धार काढताना तीच गाणी लावतेस, ती आता बंद कर. आवाज मोठा ठेवून ऐकणारी बहुतेक तू एकटीच व्हतीस.

त्यातलं एखादं तुला आवडलं का गं? खरं सांग. काहीही सांगितलंस तरी मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही.

तुझीच,
अक्षदा