रुख्मिणी नावाची वाणी

२ जुलै, अकोट

झालं. आता शंका नाही. हेमचंद्र सरांची जात वेगळी नाहीच.

पावसाळ्यात शेतभर सरपटणारी ही वाणी, असंख्य पायांचा तो पैसा किडा. सरांनी सदतीस वर्षांपूर्वी तिला आपल्या बायकोचं, आमच्या काकूंचं, नाव दिलं — रुख्मिणी. पण ती आणि इंग्रजांच्या काळात नाव मिळालेली जुनी जात एकच. वाणीची जात ओळखायची ती नराच्या सातव्या वळ्यावरच्या पायांवरून. सरांच्या नमुन्यात तिथे काटा नाही, म्हणून जात नवी ठरली. तो मूळ नमुना अमरावतीहून मागवला आणि आज सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काटा होता — मोडलाय. मोडल्या जागी कडा खडबडीत. भातकुली ते अकोट, एक्केचाळीस नर तपासले. सगळ्यांना काटा आहे.

नियम साधा. जुनं नाव राहतं, नंतरचं जातं.

इतक्या वर्षांत हे कोणाला दिसलं नाही. मला दिसलं. लिहिताना लाज वाटत नाही.

५ जुलै

सरांना अजून सांगितलं नाही. त्यांनी मला भिंग धरायला शिकवलं, पीएच.डी. करून घेतली. आणि उभ्या आयुष्यात त्यांनी नाव दिलं ते एकाच जातीला.

आमच्या विभागातला धर्मेंद्र म्हणाला, "मॅडम, तुम्हाला धारणीच्या जंगलात नवी जात सापडली ना, तेवढीच छापा. जुनं कावून उकरून राहिले?"

नवी जात वेगळी का, हे सांगायचं तर जवळच्या जातींबद्दल खरं लिहावंच लागतं. एवढंच म्हटलं त्याला.

६ जुलै

उद्या अकोला, सरांच्या घरी. ठरलं.

७ जुलै

सकाळच्या एसटीने गेले. नमुना, फोटो, धारणीचा नर — सगळं डब्यात भरून मांडीवर. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं. दारात सर दिसले आणि एका दमात सांगून टाकलं, "सर, रुख्मिणी जाते."

सरांनी मला आत घेतलं. त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक काढला, नमुना लावला. मोतीबिंदूचा डोळा मिटून दुसऱ्याने पाहत राहिले. अर्धा तास. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं.

मग म्हणाले, "मोडलाच आहे. माह्या हातानंच मोडला असंन, चिमट्यात." आणि माझ्याकडे वळून, "तू कावून रडून राहिली? बरोबर पाह्यलं ना तू?"

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनाही सांगितलं. "बरं झालं बाप्पा," म्हणाल्या. "वाणीनं सोयाबीन खाल्लं का जाऊबाई मलेच बोल लावे."

सर हसले, पण डोळे पुसले.

निघताना धारणीचा नर दाखवला. तो त्यांनी आणखीच वेळ पाहिला. फार वेळ. "ही नवीच," म्हणाले. "तुही जात आहे. नाव तू दे." काकूंचंच नाव पुन्हा देऊ का, विचारलं. नको म्हणाले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. अशा माणसाची मी विद्यार्थिनी आहे — असं शेजारच्या बाईला सांगावंसं वाटत होतं.

११ डिसेंबर

लेख स्वीकारला! तपासणाऱ्याने लिहिलंय, काट्याचा पुरावा निर्विवाद. नव्या जातीला मेळघाटाचं नाव दिलं. बाबांना फोन केला. ते शेतात होते. म्हणाले, "आपल्या अकोटातून?" हो, आपल्या अकोटातून.

२ जानेवारी

लेखाची प्रुफं आली. सहीसाठी आठ दिवस.

काकूंचा फोन — "सरायले आता दिसत नाही म्हून त्यायनं नमुन्याच्या साऱ्या बाटल्या तुह्या नावानं काढल्या. घेऊन जाय."

४ जानेवारी

बाटल्या आणल्या. तीन खोकी. दुसऱ्या खोक्यात एक लहान बाटली, आत एकच वाणी. चिठ्ठीवर सरांचं अक्षर : "धारणी, १४ ऑगस्ट १९८६. मादी. नवी जात असावी. नर शोधणे."

धारणीहून आणलेल्या माद्यांशेजारी ठेवून रंग पाहिला, वळी मोजली. माझीच जात.

म्हणजे त्या दिवशी सरांनी तिला ओळखलं होतं, आणि तरी नाव मला देऊ दिलं.

प्रुफात एक ओळ वाढवली — सर्वप्रथम कोणाला सापडली, कधी, कुठे. सरांना विचारलं नाही.