मोराची उलटी बाजू

प्रिय रितेश,

‘तू म्हण’ असं तू तीनदा सांगितलंस, म्हणून ‘तू’ लिहितेय. हात मात्र ‘तुम्ही’कडेच वळतो. फोनवर बोलता आलं असतं, पण तू ‘लाइट घे, एवढं काय मनावर घ्यायचं’ म्हणून हसवतोस आणि सांगायचं राहून जातं. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच.

इकडे सगळं छान आहे. एप्रिलमध्ये शाळेतली कंत्राटी नोकरी संपली तेव्हापासून घरीच आहे, आणि खरं सांगू, इतके निवांत दिवस मला आजवर मिळाले नव्हते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे सुट्टीतही कुणीतरी आपला पेपर तपासतंय असं वाटत राहायचं. आता सकाळचा स्वयंपाक आटोपला की खाली चिक्कडपल्लीचा बाजार गजबजलेला असतो आणि वर आम्ही दोघी खिडकीपाशी चटई टाकून बसतो. आईच्या हातात सुई, माझ्या हातात पुस्तक. मी मोठ्यानं वाचते. तीन कादंबऱ्या संपल्या, पण आईला एकही नायिका पटलेली नाही. ‘ही बाई रडत काय बसलीय? ऊठ, भाकरी थाप म्हणावं,’ असं म्हणते, आणि मी पुस्तक मिटायला घेतलं की लगेच, ‘अगं, पुढं काय झालं ते तर सांग!’

चार वाजता चहा झाला की पुस्तक बाजूला जातं. मग मी सुई धरते आणि आई शिकवते. दोन साड्यांना फॉल लावले, तुझ्या आईंसाठी भाजीची पिशवी शिवली, चार अभ्रे शिवले. त्यातला एक चारही बाजूंनी शिवून टाकला. उशी घालायला जागाच ठेवली नाही. आई दिवसभर हसत होती.

‘आई शिकवते’ हे वाचून तू थांबला असशील. मलाही तिथंच थांबायचंय.

तुम्ही मला पाहायला आलात तो रविवार आठव. टीपॉयवर मोरांचा टेबलक्लॉथ होता. माझं एम.ए. ऐकून तुम्ही मंडळी बिचकाल अशी मावशीला धास्ती, म्हणून तिनं घाईघाईनं सांगून टाकलं, ‘आमच्या त्रिवेणीनंच भरलाय हो!’ तुझ्या आईंनी कप खाली ठेवला आणि कापड उलटं करून पाहिलं. जाणकार बाई आधी उलटी बाजूच बघते. तिथं एक गाठ नव्हती, एक दोरा लोंबत नव्हता. त्या म्हणाल्या, ‘जिचा हात एवढा स्वच्छ, तिचं मनही स्वच्छच असणार.’ मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

तो मोर आईचा आहे. शेत सोडून उदगीरकडून ती या शहरात आली तेव्हा तिला ना तेलुगू येत होतं ना उर्दू. बाहेर जायची भीती वाटायची, म्हणून घरात बसून तिनं तो तीन वर्षं भरला. त्या रविवारी मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काहीही येत नव्हतं.

आधी वाटलं, पटकन शिकून घ्यावं, म्हणजे खोट्याचं खरं होईल. पाच महिने मोराचा टाका गिरवत बसले. पण टाका हाताला येऊ लागला तसं भलतंच झालं. एक पीस भरायला किती दुपारी जातात ते कळलं, आणि आईचं आपण काय घेतलंय तेही कळलं.

परवा तुझ्या आईंचा फोन आला होता. रुखवतात तो मोर मधोमध मांडायचा आणि वर ‘वधूने स्वतः भरलेला’ अशी चिठ्ठी लावायची. त्यांना त्यांच्या बहिणींना सुनेचा हात दाखवायचाय. तेव्हापासून मी आईच्या मागे लागलेय, खरं सांगून टाकू म्हणून. आई म्हणते, ‘लग्न झाल्यावर सांग की. आत्ता कशाला परेशान होतीस?’ आज मी हे पत्र लिहायला घेतलं तर शेजारी येऊन बसली. ऐकायची सवय झालीय ना तिला. इथवर वाचून दाखवलं. मग म्हणाली, ‘माझंबी लिही. कपाटातली पुस्तकं कोण वाचतं म्हणून त्या रविवारी पाहुण्यांनी इचारलं, तवा मी “मीच” म्हणाले होते. म्हणावं, वाचता येत नाही. ऐकते.’

म्हणून हे पत्र. ते तुझ्या आईंना वाचून दाखव. अडखळलास तरी चालेल. रुखवताची चिठ्ठी मी लिहून ठेवलीय: ‘भरतकाम: उषा, वधूची आई’. ती त्यांना चालणार नसेल, तर मोर रुखवतात येणार नाही; आणि मग मी त्या घरात यावं की नाही, तेही आत्ताच सांग. सोबत एक रुमाल पाठवतेय. तो मात्र माझाच. मोर भरायला घेतला होता, आई म्हणते कोंबडी झालीय. मागे गाठी आहेत, दोरे लोंबतायत. मुद्दाम कापले नाहीत. तुझ्या आई उलटून बघतीलच, बघू दे.

तुला अजूनही चालत असेल तर,
तुझीच,
त्रिवेणी