चौदांतला राखीव

न्यू जर्सी, ६ ऑक्टोबर १९८६

ती. रोझाल्बाताईस,
सा. न. वि. वि.

कोर्टाचं बोलावणं आलं होतं, त्यात शेवटी माझी निवड झाली. ज्युरीत आम्ही चौदा जण आहोत. सरकार दिवसाला पाच डॉलर देणार आणि काचकारखाना या दिवसांचा पगार कापणार, त्यामुळे नीव्हेसचं तोंड फुगलेलं आहे. नवऱ्याला देशसेवेचा पुळका आला, असं ती शेजाऱ्यांना सांगते.

बाबांनी नागरिकत्वाची शपथ घेताना शिवलेला कोट घालून मी जातो. खांद्यात आवळतो, पण बरं वाटतं. खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी न्यायाधीशबाईंची ताकीद आहे, तेव्हा विचारू नकोस. शेजारी मिसेस प्रुइट नावाच्या आजीबाई बसतात, सारख्या खोकतात. तू पाठवलेल्या बडीशेपेच्या गोळ्या त्यांनाच देतो.

मुलांना पापे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अटिलिओ

फिलाडेल्फिया, ११ ऑक्टोबर

चि. अटिलिओस,
अनेक आशीर्वाद.

पाच डॉलर! आमच्याकडे मुलं सांभाळायला येणारी पोरगी दोन तासांत तेवढे घेते, वर फ्रिज रिकामा करून जाते.

तू सांगू नकोस, फ्लोरामावशीने फोनवर सगळं सांगितलं. कोंबड्यांच्या कारखान्यातला डेझ्मंड नावाचा विशीतला पोरगा, आणि गुत्त्याच्या मालकावर पिस्तूल रोखून गल्ला नेल्याचा आरोप. साक्षीदार तो मालक एकटाच. दोषी ठरला तर पंधरा वर्षं आत. त्याची आई रोज कामावर खाडा करून येते म्हणे. हे तू वाचायला नको होतंस, पण आता लिहून झालंय.

तू लहानपणापासून चारचौघांत मूग गिळून बसतोस. बारा जणांचं एकमत लागतं, एकानेही नाही म्हटलं तर पोरगा दोषी ठरत नाही, एवढं मलाही कळतं. तुला जे वाटेल ते या वेळी तोंड उघडून बोल.

प्रकृतीला जप, आणि बहिणीची बोलणी गोड मानून घे.

तुझी,
रोझाल्बा

न्यू जर्सी, १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र फ्लोरामावशीच्या नावापर्यंत वाचलं आणि नीव्हेसच्या हवाली केलं. खटला संपेपर्यंत ती देणार नाही.

या वेळी चारचौघांत तोंड उघडायचं, असं माझं मीच ठरवलं होतं गं. मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. काल वकिलांची भाषणं संपली आणि कारकुनाने लाकडी पिंप फिरवून आमच्या चौदा नावांच्या चिठ्ठ्यांतून दोन काढल्या. दुसरी माझी निघाली. बारा जण निकाल ठरवायला आत गेले आणि मी राखीव झालो. घरी जायचं नाही, मत द्यायचं नाही. आतलं कुणी आजारी पडलं तरच त्याच्या जागी जायचं. आम्हा दोघांना शेजारच्या खोलीत बसवलंय; दुसरा राखीव शिपायाशी पत्ते खेळतो. भिंतीपलीकडे आवाज चढतात, शब्द कळत नाहीत.

लाज वाटते सांगायला, पण मिसेस प्रुइटचा खोकला वाढावा म्हणून मी देवाची करुणा भाकतोय.

आठवण काढत जा.

तुझा,
अटिलिओ

न्यू जर्सी, २४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता बोलायला मोकळा आहे. डेझ्मंड दोषी ठरला.

गुत्त्याच्या मालकाला कोर्टात आरोपी दाखवायला सांगितलं, तेव्हा त्याचं बोट आधी डेझ्मंडच्या वकिलाच्या मदतनिसाकडे वळलं होतं. दोघंही काळे तरुण, तेवढंच साम्य. मग त्याने सावरून घेतलं. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, आपण एकट्यानेच पाहिलं.

निकाल वाचला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. पोराची आई रडली नाही. पर्स उघडत होती, मिटत होती.

बाहेर पायऱ्यांवर मिसेस प्रुइटनी माझी बाही धरली. म्हणाल्या, "तुम्हीही ते बोट पाहिलंत ना? मी तेव्हा तुमच्याकडेच बघत होते. दोन दिवस मी एकटी नाही म्हणत होते हो. अकरा जण अंगावर येत होते. सोबतीला कुणी असतं ना, तर टिकले असते."

ताई, आत त्या पोराच्या बाजूने एकच माणूस होतं, आणि तेच आजारी पडावं म्हणून मी देवाला विनवत बसलो होतो.

सरकारचा चेक आला आहे. नीव्हेस म्हणते, कष्टाचे पैसे आहेत, वटवून टाक. मी काय केलं म्हणून ते घेऊ, तूच सांग.

पत्र लवकर पाठव. या वेळी रागावलीस तरी चालेल.

तुझा,
अटिलिओ