उघडा अंगठा

३ मार्च
प्रयोगशाळेत रुजू झाले. माझ्यापेक्षा आईच जास्त खूश! तिचे गुडघे पार झिजलेत. जिना चढताना हाडावर हाड घासल्याचा आवाज मलाही ऐकू येतो. इथे बनणारं जेल अशा सांध्यात भरलं की त्यावर नवी कूर्चा, म्हणजे हाडांमधली गुळगुळीत गादी, धरते. पहिल्या रुग्णांत आईला घ्यायचं इथल्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी कबूल केलंय. जेल मात्र बघवत नाही. शेंबडासारखं, कोमट, आणि वास शिळ्या मटणाचा.
इथले जुने तंत्रज्ञ, म्हणजे काका, चहा पितानाही उजव्या हातातला रबरी मोजा काढत नाहीत. सगळे त्यांना त्यावरून चिडवतात.

७ मार्च
जेल घट्ट झालं की नाही, हे इथे उघड्या अंगठ्याने दाबून बघतात. यंत्र आहे, पण बाईंचा विश्वास अंगठ्यावर. काल कांदा चिरताना माझा कापला होता. पट्टी काढून दाबला. ते गिळगिळीत जखमेत शिरलं तसा अंगठा झटकून नळाखाली धरला.

१२ मार्च
जखम भरली, पण वर कातडी नाही. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला असते तशी पांढरी, चकचकीत कूर्चा. टाचणी टोचली, काही कळलं नाही. खरवडलं तर चिकट पाणी आलं आणि मी मोरीत ओकले.

१५ मार्च
काकांना दाखवलं. त्यांनी दार लावून मोजा काढला. बोटं नव्हतीच. एकच ओलसर, पांढरा गोळा. मनगटाशी थांबलंय म्हणाले.
"दुखत नाही ना? मग गप्प बस. बोललीस तर तुझ्या आईचा नंबर गेला."
तिची शस्त्रक्रिया एकवीसला आहे. मीही आता मोजा घालते.

१९ मार्च
काका आले नाहीत. मान वळत नाही म्हणे. माझी बोटं जुळली — मोज्यातून पाणी गळतं — शी, अंथरुणालाही तोच वास. डाव्या हाताने लिहितेय. आईला उद्या सांगते. नक्की.

२१ मार्च
जबडा उघडत नाही — दात लागत नाहीत जिभेला, नुसती गुळगुळीत पट्टी — आई पिशवी भरतेय. तिला हात दाखवायला गेले तर मोजा निघेना. आतून धरलाय. तिला वाटलं दाढ दुखतेय. म्हणाली, "मला एकदा धड चालता येऊ दे, मग मीच तुला डॉक्टरकडे नेते."
खाली गाडी आली — डावी बोटंही आता — हेच पान दाखवते तिला —
आई, ते जेल गुडघ्यात भरून घेऊ