निळ्या तेलावर चालते

बल्लारपूर,
दि. २७ ऑक्टोबर २०२४

चि. रिनास,

तुझ्या आईचा जयभीम.

तू भामरागडच्या बसमध्ये टाकलेलं पार्सल तेरा तारखेला मिळालं. आत काय निघालं ते लिहिते, म्हणजे वाटेत काही राहिलं का ते तुला पडताळता येईल. निळा बॉल एक, म्हणजे तुझा निळ्या, त्याची पिशवी, सपाट तळव्याचे बूट एक जोड, मनगटाचा पट्टा, टॉवेल आणि तुझी बॉलिंगची वही. बसवाल्याने एकशे चाळीस रुपये घेतले. वर विचारतो, "बाई, वरवंटा मागवला का जंगलातून?" चिठ्ठी एका ओळीची होती. "आई, हे सगळं विकून टाक, माझं मनगट गेलं आहे."

इकडे आम्ही बरे आहोत. बाबांची या आठवड्यात सकाळपाळी आहे. गुडघा दुखतो म्हणतात, पण पाळी संपली की चौकात दोन तास उभे राहून गप्पा मारता येतात. आपल्या सीताफळाला यंदा फळ बारीक आलं. तू मच्छरदाणी लावतेस ना? उपकेंद्रात दिवसभर दुसऱ्यांचा मलेरिया तपासायचा आणि रात्री आपण उघड्यावर झोपायचं, असं करू नकोस.

फोनवर बॉलचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. म्हणून पत्र लिहिते आहे. तसं फोनवर मलाही सांगता आलं नसतं. हा तिसरा कागद आहे. आधीच्या दोन्हींवर सीताफळापर्यंत येऊन थांबले होते.

तर बॉल विकायचा तर पुसून-बिसून द्यावा म्हणून मी तो गच्चीवर नेला. गडगडू नये म्हणून चुंबळीवर बसवला. ऑक्टोबरचं ऊन तुला माहीतच आहे. तासाभराने जाऊन पाहिलं तर बॉलला घाम सुटलेला. अंगभर बारीक थेंब. मी बोटाने पुसलं आणि सवयीने बोट नाकाशी नेलं.

रिना, मोहाच्या टोळीचं तेल होतं ते.

नागपूरच्या मॉलमध्ये बॉलिंगच्या पट्टीवर मोहाचं तेल कोण टाकणार? ते फक्त आपल्या घरात आहे, फडताळातल्या हिरव्या बाटलीत. आरमोरीहून माझी आई मोहाच्या बिया गाळून पाठवायची, आता वहिनी पाठवते.

एप्रिल आठव. नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेसाठी तू बॉल माझ्याजवळ ठेवून गेलीस, दोन महिने. जाताना बजावलंस, "आई, याले जप. याच्यासारखा विश्वासाचा दुसरा नाई." त्याआधी एकदा तू मला फोनवर तुझा बाटल्या पाडायचा खेळ समजावून सांगितला होतास. मी पोळ्या करत होते. तू म्हणालीस, "पट्टीवर तेल असते आई. निळ्या पहिले तेलावर चालते अन् मंग वळते." मला त्यातलं एवढंच कळलं, की तो तेलावर चालतो. शिलाई मशीन तेलावर चालते, बाबांच्या कारखान्यातला पट्टा तेलावर चालतो, तसा हाही. आणि उन्हाळ्यात घरातली लाकडं तडकत होती. मला वाटलं हाही कोरडा पडेल. दर रविवारी वंदना झाली की मी त्याला मांडीवर घेऊन तेल चोळायचे. आठ रविवार. भोकांत बोट घालून आतूनसुद्धा. तुला लहानपणी ह्याच तेलाने चोळलं होतं. हात आपोआप तसाच फिरत होता.

घामाचा वास आल्यावर मी खाली येऊन तुझी वही उघडली. तुझी वही न विचारता वाचली, हेही कबूल करते. मार्चपर्यंतचं तू असं लिहिलं आहेस.

"लेन ३. सकाळ, तेल ताजं. निळ्या सरळ सरकला, शेवटच्या वीस फुटांत वळला. नऊ पडल्या."
"लेन ५. कोरडी. लवकर वळतो, म्हणून उजवीकडून टाकला. ऐकतो शहाणा."
"लेन ८. संध्याकाळ, मधलं तेल उडालेलं. दुसऱ्यांचे बॉल भरकटले, हा नाही."

आणि जूनपासून पुढे असं.

"लेन ३. सरळ."
"लेन ५. कोरडी असून सरळ."
"लेन ८. सरळच. बॉल तोच आहे, पट्ट्या त्याच आहेत. म्हणजे मी."

त्याखाली सगळ्या पानांवर मनगटच. बर्फ लावला, पट्टा घट्ट केला, पट्टा सैल केला, हाडाच्या डॉक्टरला दाखवलं, फोटोत काही निघालं नाही. बॉलवर तू एकदाही संशय घेतला नाहीस. तो तर आईजवळ होता ना.

इथे पत्र संपवता आलं असतं. आईने अडाणीपणाने तेल लावलं, तिला काय ठाऊक, असं तूच म्हणाली असतीस आणि मला माफ केलं असतंस. पण पुढचं अजून राहिलं आहे.

जुलैत निवड चाचणीला मी आले होते. तुझे शेवटचे बॉल सरळ जाऊन पट्टीच्या कडेच्या नालीत पडले आणि तू तोंड धुवायला गेलीस. मी बाकावर बसले होते. तुला खेळ शिकवणारे दिनेश सर बॉल हातात घेऊन आले. अंगठ्याने त्यावर घासून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, घरी याले तेल-बिल लावलं का कोणी? तेल पेला तर हा बॉल पट्टीले पकडत नाई. वळतच नाई मंग."

मी म्हटलं, "नाई जी. आमच्या घरी कोण लावते?"

इतकं पटकन म्हटलं, की माझं मलाच नवल वाटलं.

आधी वाटलं, तू बाहेर येऊन सगळ्यांसमोर माझ्यावर चिडशील. घरी गेल्यावर सांगू. घरी आलो तर तू म्हणालीस, "झालं आई, खेळ संपला. नोकरीचा अर्ज भरते." आणि रिना, मला बरं वाटलं. तू पाठमोरी बसून रडत होतीस आणि मला आतून बरं वाटत होतं. निवड झाली असती तर तू बंगलोरला खेळायला गेली असतीस. मुलीच्या जातीने बाटल्या पाडत कुठवर फिरायचं, हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. तोंडाने कधी म्हटलं नाही. उलट सगळ्यांना सांगत होते, आमच्या रिनाला आमची पूर्ण मोकळीक आहे. तू नोकरीवर रुजू झालीस तेव्हा मी विहारात खीरदान केलं.

या महिन्याच्या पौर्णिमेला विहारात पंचशील चाललं होतं. तिसऱ्यापर्यंत माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो, तुला माहीत आहे. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. माझ्या तोंडून अक्षर फुटेना. शेजारी बायनाबाई बसल्या होत्या, त्यांनी कोपर मारलं. "काऊन वं माधवी, विसरली का? तूच तर पोरायले शिकवते." मी ओठ हलवले. नुसतेच.

दुसऱ्या दिवशी दिनेश सरांना फोन करून खरं सांगितलं.  ते म्हणाले, "ताई, पोरगी चार महिने स्वतःचा हात कापून टाकायच्या गोष्टी करत होती."  नंतर त्यांनीच उपाय सांगितला. बॉल गरम पाण्यात बुडवायचा, भांड्यांचा साबण टाकायचा, पण पाणी उकळतं नको, नाहीतर तडकेल. किती गरम, विचारलं, तर आकडे सांगू लागले. आपल्या घरी कुठे तसलं मीटर? मी बाळाच्या आंघोळीसारखं कोपर बुडवून पाहिलं. कोपराला सोसेल त्याहून थोडंसं वर. भोकांवर चिकटपट्टी लावली. तीन दिवसांत सात बादल्या झाल्या. पहिल्या चार बादल्यांवर तवंग आला, घरभर मोहाचा वास. सातवीचं पाणी स्वच्छ निघालं. ज्या हातांनी पाजलं होतं त्याच हातांनी काढलं.

चोवीस तारखेला मी त्याला घेऊन गाडीने नागपूरला गेले. बाबा म्हणाले, "सहा किलोचा गोटा घेऊन एकटी बाई नागपूरले जाते का कुठी? लोक म्हणतीन, पाटा-वरवंटा विकून राह्यली." मग स्टेशनपर्यंत पिशवी त्यांनीच उचलली, गुडघा दुखत असून. मी त्यांनाही सांगितलं आहे. "पोरीले सांग पहिले," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दिनेश सरांनी तुझ्या तीन पट्ट्यांवर तुझ्याच उभं राहण्याच्या जागेवरून बॉल टाकला. मी बाकावर बसून तुझ्या वहीत लिहिलं. अक्षर माझं आहे, त्याला हसू नकोस.

"लेन ३. तेल ताजं. सरळ गेला, शेवटी वळला. आठ पडल्या."
"लेन ५. कोरडी. लवकर वळला. सर म्हणाले, 'आला.'"
"लेन ८. तेल उडालेलं. वळला, पण पूर्वीइतका नाही. सर म्हणतात, थोडं तेल आत मुरलं आहे, ते आता निघणार नाही. ज्या हाताला त्याची सवय आहे तो सांभाळून घेईल."
"लेन ८. आई. नाली."

शेवटचा मी टाकला. दोन्ही हातांनी, बसून. काउंटरवरची पोरं हसली, एक म्हणाला, "आजी, चप्पल काढा." हसू देत. इतकी जड वस्तू तू एका हाताने, एका रेषेत, रोज शंभरदा टाकत होतीस. मला ते कधी कळलंच नव्हतं. मी बाकावरून फक्त पडलेल्या बाटल्या मोजायचे.

पुढची निवड चाचणी चोवीस नोव्हेंबरला आहे. नाव दहा तारखेच्या आत द्यायचं आहे. सर म्हणाले, पोरगी हो म्हणाली तर जागा ठेवतो, आईच्या सांगण्यावरून नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी काही विकलेलं नाही. निळ्या चुंबळीवर बसला आहे, सावलीत, टॉवेल गुंडाळून. रोज पाहते, हात लावत नाही. हिरवी बाटली बायनाबाईंना देऊन टाकली.

तू ये असं मी म्हणणार नाही. त्याचा हक्क मला राहिला नाही. नोकरी तुला आवडत असेल तर तीही चांगलीच आहे. पण जे सोडायचं ते खरं कळल्यावर सोड.

हे पत्र उद्या भामरागडच्या बसने जाईल. तोच बसवाला परवा परत येतो. त्याच्याजवळ उलट टपाली दोन ओळी दे. ठेवू की विकू, एवढंच लिही. वाटलं तर मला बोल लाव, मी वाचीन. पण मनगटाला दोष देणारं एक अक्षरही आता लिहू नकोस.

तुझ्या मनगटाची अपराधी,
आई