नकाशातील खांब क्र. १७ यास मनुष्य म्हणून नोंदविण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
मानवी सहभाग संशोधन देखरेख समिती,
सेंट ओडिलो पुनर्वसन रुग्णालय,
पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया.

अर्जदार : रुडॉल्फ वास्को, स्वागत-टेबल, पूर्व मार्गिका, तळमजला.

विषय : स्वयंचलित व सहयोगी यंत्रमानवाच्या चाचणीत अर्जदाराची खांब म्हणून झालेली नोंद रद्द करणे व त्या नोंदीच्या आधारे अर्जदाराचे पद ३० जूनपासून बंद करण्याची शिफारस स्थगित ठेवणे.

संदर्भ : १) प्रशासन विभागाची लेखी सूचना क्र. ३, दि. १० मार्च.
२) चाचणी अहवाल, दि. ४ मे, पृष्ठे ६ व ११. (दोन्ही पृष्ठे शेजारी ठेवून वाचावीत, ही विनंती.)

महोदया,

वरील विषयी सविनय कळविण्यात येते की, अर्जदार या रुग्णालयात बावीस वर्षे एकाच टेबलावर, एकाच खुर्चीत सेवा करीत आहे. अर्जदाराच्या डाव्या गुडघ्यात धातूचा सांधा असल्याने तो पाय मार्गिकेच्या दिशेने लांब ठेवावा लागतो. याबाबत आजवर कोणाची तक्रार नाही. येणारे-जाणारे पाय ओलांडतात व "काय रूडी, कसं काय?" असे विचारून पुढे जातात.

१. दि. १४ जानेवारी रोजी विद्यापीठाचे संशोधक श्री. कॉर्विन लेथ्रॉप हे सदर यंत्र घेऊन मार्गिकेत आले. हे यंत्र म्हणजे कमरेइतक्या उंचीचे, चाकांवर चालणारे कपाट असून त्यातून जेवणाची ताटे, औषधे व धुतलेल्या चादरी जातात. ते संथ चालते व सगळे त्याला बाजू देतात, म्हणून कर्मचारी त्याला 'बिशप' म्हणतात. त्या दिवशी श्री. लेथ्रॉप यांनी ते हाताने चालवून इमारतीचा नकाशा त्याच्या डोक्यात भरला. अर्जदाराने स्वतःहून विचारले होते, "मी उठू का?" त्यावर श्री. लेथ्रॉप म्हणाले, "छे छे, मिस्टर वास्को, बसा की! रोज जसं असतं तसंच हवंय आम्हाला." अर्जदार बसला. शब्दकोडे जरा अवघड होते, त्यामुळे सुमारे दोन तास हालचाल झाली नाही, हे अर्जदार नाकारत नाही.

२. यंत्राला चेहरे दिसत नाहीत. गुडघ्याच्या उंचीवर त्याचा एक किरण फिरतो, त्यावर त्याचे सारे ज्ञान. जे हलले ते माणूस समजून नकाशातून पुसले जाते, जे हलले नाही ते इमारत समजून राहते. आमच्या मार्गिकेत दगडी खांब सोळा आहेत. नकाशात सतरा आहेत.

ही गोष्ट प्रथम स्वयंपाकघरातल्या श्रीमती ओडेसा टिब्ज यांच्या लक्षात आली. त्या कॉफी देण्यासाठी श्री. लेथ्रॉप यांच्या खोलीत गेल्या असता त्यांनी पडद्यावर नकाशा पाहिला. परत येऊन ट्रे माझ्या टेबलावर ठेवत, सर्वांसमक्ष त्या म्हणाल्या, "अरे रूडी, सोळा खांब दगडाचे आणि सतरावा तू! हलू नकोस हं बाबा, छप्पर येईल खाली." उपस्थितांत हशा पिकला. अर्जदारही हसला. अर्जदाराने त्या वेळी हसावयास नको होते.

३. चाचणी दि. १७ फेब्रुवारीपासून दर मंगळवारी व गुरुवारी, दिवसाला चार फेऱ्या याप्रमाणे सुरू झाली. अर्जदार खुर्चीतून उठला की यंत्र जागीच थांबते, पिवळा दिवा लावते, "मार्ग तपासत आहे" असे म्हणते आणि वरच्या मजल्यावर नोंद पाठवते : 'खांब क्र. १७ आढळला नाही.' यावर उपाय म्हणून नकाशा सुधारला जाईल, असे अर्जदारास वाटले होते. प्रत्यक्षात संदर्भ १ ची सूचना आली, की फेरीच्या वेळी स्वागत-टेबलावरील कर्मचाऱ्याने जागा सोडू नये. स्वच्छतागृहाच्या वेळाही फेऱ्या पाहून ठरवून देण्यात आल्या. अर्जदार छप्पन्न वर्षांचा आहे. एवढे नमूद करून हा मुद्दा पुरा करतो.

४. चाचणीच्या पहिल्याच दिवशी अर्जदारास संशय आला होता व त्याने एक वही घातली होती. तीत फेरी चालू असतानाच्या प्रत्येक उठण्याची वेळ व कारण लिहिले. चाचणीच्या बावीस दिवसांत नोंदी एकोणनव्वद झाल्या. स्वच्छतागृह तीन, एका वृद्ध अभ्यागताची पडलेली काठी एक, माझी पेन्सिल एक. उरलेल्या चौऱ्याऐंशी वेळा अर्जदार दार उघडण्यास उठला.

दाराबद्दल थोडे विस्ताराने. पूर्व मार्गिका व व्यायामगृह यांमधील आगरोधक दार विजेवर उघडते, असे कागदोपत्री आहे. आमची इमारत टेकडीच्या उतारावर असून दरवर्षी थोडी खचते. त्यामुळे दार वीतभर उघडते व अडते. त्याला कमरेचा धक्का द्यावा लागतो. एकदा पुरते उघडले की ते मिनिटभर तसेच राहते. या इमारतीत डॉक्टर, धोबी, पाद्री, सगळेच त्याला कंबर देतात आणि कोणी त्याचा विचारही करीत नाही. नव्या माणसास पहिल्या दिवशी हे कोणी सांगत नाही, पाहून येते. यंत्राला कंबर नाही. ते दारापुढे उभे राहते, अर्जदार उठतो, धक्का देतो, परत येऊन बसतो. खांब जागेवर आला हे पाहून यंत्राचे समाधान होते व ते आत जाते.

श्री. लेथ्रॉप यांना हे दोनदा तोंडी सांगितले. ते वरच्या मजल्यावर पडद्यासमोर बसतात व तेथे दार केवळ 'बंद' किंवा 'उघडे' असे दिसते. ते म्हणाले, "दार उघडतंय की, मिस्टर वास्को! एकदाही अडलं नाही. उगाच काळजी करता तुम्ही."

आता पृष्ठ ६ पाहावे : 'दार ओलांडणे, मानवी मदतीशिवाय, अठ्ठ्याऐंशीपैकी अठ्ठ्याऐंशी वेळा यशस्वी.' आणि पृष्ठ ११ : 'व्यत्यय एकोणनव्वद, सर्व खांब क्र. १७ मुळे.' म्हणजे माझे तेच उठणे सहाव्या पानावर यंत्राची हुशारी आणि अकराव्या पानावर माझा गुन्हा.

५. अठ्ठ्याऐंशीतून चौऱ्याऐंशी वजा जाता चार उरतात, हे आपल्या लक्षात आले असेलच. त्यांचा हिशेब असा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात श्री. लेथ्रॉप माझ्याशी एकाएकी फार गोड वागू लागले. सकाळी डोनट आणू लागले. एक दिवस माप घेण्याची फीत घेऊन आले व म्हणाले, "गुडघ्यापर्यंत किती उंची असेल हो तुमची?" नवी खुर्ची येणार या समजुतीने अर्जदाराने पाय पुढे केला. मंगळवार, दि. २१ एप्रिलची गुडघ्याच्या तपासणीची रजा मागितली, ती त्याच दुपारी मंजूर झाली. बावीस वर्षांत एकही रजा आठवड्याच्या आत मंजूर झालेली नाही.

रजेच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलो तेव्हा माझ्या खुर्चीत धुलाईघराचे निळे पिंप होते. त्याला माझा हिवाळी कोट घातलेला होता व खाली प्लास्टिकच्या दोन नळ्या बांधलेल्या होत्या, त्यांतील डावी पुढे लांबवलेली. अहवालात माझ्या रजेच्या दिवसाची नोंद 'पर्यायी खांब : व्यत्यय शून्य' अशी आहे. माझे पद बंद करण्याची शिफारस याच ओळीवर उभी आहे.

त्या दिवशी चारही वेळा दार श्रीमती टिब्ज यांनी उघडले. त्यांचा जबाब त्यांच्याच शब्दांत : "पिंप तुझ्यापेक्षा बरं रे, कोडी विचारून डोकं खात नाही. पण दाराला कंबर कोण देणार? दोन्ही हातांत ताटं घेऊन मी दिली, चार वेळा! घरी जाऊन शेकत बसले. त्या पिंपाला सांग, उद्यापासून ऊठ म्हणावं."

आमच्या गल्लीत बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली की तेथे घरातील एक जुनी खुर्ची ठेवण्याची रीत आहे. त्या जागी दुसरा कोणी गाडी लावत नाही. खुर्ची म्हणजे मालक, हे सर्वांस मान्य असते. अर्जदाराने जन्मभर अशा खुर्च्यांचा मान राखला. पण खुर्ची ठेवली आहे तेव्हा आता मालकाची गरज नाही, असे कोणी म्हटल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

६. आपल्या समितीचा नियम आहे की, या संशोधनाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मनुष्याची लेखी संमती घ्यावी. श्रीमती टिब्ज यांची घेतली, धोब्यांची घेतली, रविवारी येणाऱ्या पाद्र्यांचीही घेतली. माझी घेतली नाही. विचारले असता श्री. लेथ्रॉप हसून म्हणाले, "खांबांच्या सह्या नाही घेत हो आम्ही!" (गुरुवार, २३ एप्रिल, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.)

तेव्हा दोहोंपैकी एक ठरावे. मी मनुष्य असेन, तर चार महिने माझ्यावर विनासंमती प्रयोग झाला आहे. मी खांब असेन, तर खांब काढण्यापूर्वी इमारत विभागाची परवानगी व भार तपासणीचा दाखला लागतो. तो घेतलेला दिसत नाही.

७. सबब विनंती की : माझी खुर्ची रिकामी ठेवून नकाशा पुन्हा करावा, माझ्या चौऱ्याऐंशी व श्रीमती टिब्ज यांच्या चार धक्क्यांची नोंद पृष्ठ ६ वर आमच्या नावे घ्यावी, मला संमतीपत्र द्यावे, आणि हे सर्व होईतो पदाबाबत निर्णय घेऊ नये.

यंत्राविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही, हे आवर्जून नमूद करतो. मी जागेवरून उठलो म्हणून थांबणारे या इमारतीत ते एकटेच आहे.

८. गुरुवार, दि. २१ मे रोजी सकाळी अकरा वाजता पाहुण्यांसमोर व आपल्या समितीसमोर यंत्राचे प्रात्यक्षिक आहे. आसने व्यायामगृहात, म्हणजे दाराच्या पलीकडे मांडली आहेत व कॉफी यंत्र घेऊन येणार आहे. श्रीमती टिब्ज यांना त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर काम दिले आहे. मला सूचना क्र. ३ ची नवी प्रत देऊन, न उठण्याविषयी पुन्हा बजावण्यात आले आहे. गेल्या आठवड्यातील पावसाने दार आणखी बसले आहे.

सूचनेपूर्वी व सूचना मोडून नंतरही, एकूण चौऱ्याऐंशी वेळा उठल्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. गुरुवारी तसे होणार नाही. डावा पाय लांब ठेवून, नकाशात आहे तसा, मी बसून राहीन. आपणांस कॉफी गरम मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोणी उठावे असे वाटल्यास, या अर्जावरील आपला निर्णय अकरापूर्वी माझ्या टेबलावर पोचवावा.

लेखी आदेशानुसार बसलेला, आपला नम्र,
रुडॉल्फ वास्को
(नकाशात : खांब क्र. १७)

पिट्सबर्ग, सोमवार, दि. १८ मे.

सोबत :
१) वहीची प्रत, पाने नऊ.
२) श्रीमती टिब्ज यांचा सहीचा जबाब.
३) पिंपाचे छायाचित्र. कोट माझा आहे, तो अद्याप परत मिळालेला नाही.