साक्षीत मागचं दार नाही

१२ ऑगस्ट १९९३
पापनाशमहून परतलो. गोपूचा पहिला जाहीर कार्यक्रम पडला. गाणं नाही, साक्ष पडली. या ख्रिस्ती मंडळींत गाण्याआधी गायकानं साक्ष द्यायची असते: मी किती बुडालो होतो, येशूनं मला कसा बाहेर काढला. माझा धाकटा भाऊ माइकपुढं उभा राहिला नि म्हणाला, "मी आधी बरा होतो. आता जास्त बरा आहे." अर्धं मैदान चहाला उठलं.

मग त्यानं गिटार घेतली. लोक हातात ग्लास घेऊन परत आले, पण बसले नाहीत, उभेच राहिले. आवाज आहे. तेवढं मात्र कबूल.

बसमध्ये पास्टर सॅम्युअल शेजारी. म्हणाले, "ब्रदर, आवाज देवानं दिला. भूतकाळ कोणी द्यायचा?"

१४ ऑगस्ट
शनिवार. गो. नेहमीप्रमाणे आईकडं जेवायला. दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन गोपाळाचा जोएल झाला तेव्हा आई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी दोसा घातला. "यसू असो की कोणी असो, ऊन आहे तंवर खा." धर्मांतरावर या घरात झालेली चर्चा इतकीच.

जेवणानंतर मला मागच्या अंगणात घेऊन गेला.
"अण्णा, साक्ष लिहून दे."
"माझी?"
"माझी. तू दर आठवड्याला साप्ताहिकवाल्यांना लोकांची पापं लिहून पाठवतोस. माझ्याकडं एक नाही."

खरं आहे. एकतीस वर्षांत या मुलाचं व्यसन एकच, हॉर्लिक्स. तेही कोरडं, चमच्यानं.

१५ ऑगस्ट
विमा ऑफिसला सुट्टी. दुपारभर लिहिलं. साक्ष अशी: सकाळी दहाला दारूचा पहिला ग्लास. कुंभकोणमच्या फलाटावर तीन रात्री, खाली वर्तमानपत्र. मग घरी आलो तर जन्मदात्या आईनं दार लावून घेतलं. तीन दिवस ओट्यावर उपाशी. चौथ्या पहाटे लांबून भजन ऐकू आलं, उठलो नि चालू लागलो.

इतकं भडक केलंय की तिसऱ्या वाक्याला कोणी तरी हसलंच पाहिजे. सत्तेचाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यातला उत्कृष्ट विनोदी लेख. लिहिताना एकटाच हसत होतो. आईनं दोनदा कॉफी बदलून ठेवली.

२९ ऑगस्ट
कुंभकोणम. कोणी हसलं नाही.

एक निवृत्त हेडमास्तर गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडत होते. "दार लावून घेतलं" म्हणताना गो. थांबला. तो थांबा मी लिहिला नव्हता. पुढचं गाणं असं झालं की मीही उठून उभा राहिलो. मी टाळ्या वाजवल्या. विडंबनकाराला याहून मोठी शिक्षा कायद्यात नसावी.

२० फेब्रुवारी १९९४
कॅसेट निघाली. मंडळाचं नाव सातवी तुतारी. तुतारी कुठंच नाही, तीन गिटारी नि एक ड्रम. पहिल्या बाजूला आधी साक्ष, मग गाणी. बसस्टँडवरच्या ज्यूसवाल्याकडं आज दोनदा ऐकली. ज्यूसवाला मुसलमान. म्हणाला, "सार, गाणी राहू द्या, ते आधीचं बोलणं ऐका. त्याची आई म्हणजे काय बाई असेल!"

मी मोसंबी अर्धवट टाकून आलो.

३ जून
अग्निनक्षत्राचं कडक ऊन संपलं म्हणतात. गो.नं कातडी जाकीट घातलंय. तंजावरात. कारण विचारलं. "परदेशातले घालतात, अण्णा." देश खुला झाला तो असा. आईनं जाकिटाला हात लावला, म्हणाली, "आंत अंग नासेल रे," नि काखेत चंदनाची पूड लावून दिली. त्यानं लावू दिली. उद्या याच काखा मदुराईच्या लोकांपुढं वर होणार.

२२ जानेवारी १९९५
इथल्या मैदानावर कार्यक्रम. आई हट्टाला पेटली. "मूल एवढ्या लोकांपुढं गातं, नि मी घरांत डाळ निवडूं?" मी डोकेदुखी सांगितली, रिक्षा मिळत नाही म्हटलं, गर्दी, चेंगराचेंगरी. ती नऊवारी नेसून दारात उभी.

शेवटच्या रांगेत बसवली. कर्णा नेमका आमच्या डोक्यावर.

येताना रिक्षात:
"म्यां कधी लावलें दार?"
"आई, ते गाण्यातलं असतं."
"गाणें नव्हतें ते. गाण्याच्या आधींचें."
 उतरताना म्हणाली, "आवाज चांगला लागला त्याचा."

मी सांगितलं नाही. उद्या सांगेन.

२८ जानेवारी
शनिवार. गो. जेवायला आला. पुढच्या दाराला आतून कडी.

मी मागच्या दारानं आत. आई चुलीपुढं. "कडी काढ की, गोपू आलाय."
"तो एवढ्या माणसांपुढें बोलला. आतां म्यां दार उघडलें नि कोणी पाहिलें, तर लेकरू खोटें पडेल."

डबा भरला. चार पुडांचा, दह्यात कालवलेल्या डांगर पच्चडीसकट. खिडकीतून ओट्यावर सरकवला. गो. ओट्यावर बसून जेवला, डबा रस्त्यावरच्या नळाखाली विसळून ठेवला नि गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, मी त्याच्याकडं.

माझ्या एका वाक्याची बाई झाली. दार लावून आत बसलीय, पच्चडी कालवतेय.

१३ मे
आता लोक दार बघायला येतात. आज निर्मला टीचर म्हणून कोणी नि पाच बायका. दाराला हात लावून डोळे मिटून उभ्या. आई खिडकीतून, "कोण पाहिजे?"
"या घरातल्या अम्मांचं मन मऊ व्हावं म्हणून प्रार्थना करतोय."
"करा की. पण ऊन फार आहे, जरा सावलीस सरून करा."
नि तांब्याभर ताक दिलं, कढीपत्ता घालून. बायकांनी घेतलं. अम्मा कुठली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

याच्यावर एक फर्मास लेख होईल. लिहायला बसलो. दोन ओळी. फाडला.

१० मार्च १९९६
तिरुचीहून आत्ता आलो. 

प्रचंड गर्दी. साक्ष सुरू. "आईनं दार," इथवर आला नि थांबला. नेहमीचा थांबा वाटला. मग म्हणाला, "माझ्या आईनं दार कधी लावलं नव्हतं. मी दारूला कधी शिवलो नाही. हे सगळं रचलेलं. आता मात्र तिनं खरंच लावलंय, मी खोटा पडू नये म्हणून. गेले चौदा महिने मी ओट्यावर..."

मंडळींनी माइक बंद केला. पास्टर धावले. कोणी चप्पल मारली. त्यानं माइकशिवाय गायला सुरुवात केली, पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं असेल. मी विसाव्या रांगेत. त्याचे नुसते ओठ दिसले.

१४ मार्च
चर्चच्या कमिटीची बैठक. घरातला वडील भाऊ म्हणून मलाही बोलावलं. बाकावर तिसरा बसलो होतो.

पास्टर: "ही साक्ष तुला कोणी लिहून दिली?"
गो.: "मीच रचली."
पास्टर: "शपथेवर?"
गो.: "मीच."

मी पंख्याकडं बघत होतो. तीन पाती. एकाला वरच्या बाजूनं गंज.

निकाल: कॅसेट मागे घेणार, मंडळाला दुसरा गायक, जाकीट मंडळाचं ते परत. त्यानं तिथंच काढून दिलं. आत बनियन, त्याला आईनं मारलेला टाका.

बाहेर म्हटलं, "गोपू, मी सांगतो त्यांना."
"तुझी नोकरी, तुझं नाव, तुझे वाचक. माझं काय उरलंय? नि अण्णा, मागितली मीच होती."

१६ मार्च
शनिवार. गो. आला नाही. आईनं डबा भरला, ओट्यावर ठेवला, तिसऱ्या प्रहरी आत घेतला.

तिरुचीचं तिला कोणी सांगितलेलं नाही. ती पेपर वाचत नाही, गल्ली तोंडावर बोलत नाही, निर्मला टीचर यायची बंद झाली. मी सांगितलं की तो सगळ्यांपुढं खरं बोलून मोकळा झाला, तर ती या क्षणी कडी काढेल. नि मग विचारेल, मुळात एवढं सुचलं कोणाला.

उद्या.

२ एप्रिल
उद्या.

१९ ऑगस्ट
ऑफिसच्या कामाला पापनाशम. बसस्टँडमागच्या दारूच्या दुकानाच्या पायरीवर गो. दाढी. मला ओळखून उभा राहिला, वडील भावापुढं उठायचं तसा, नि पुन्हा बसला. ग्लास मागं लपवला.

"कधीपासून?"
"पाठांतर करतोय," म्हणाला. हसला. मी लिहिलं होतं, सकाळी दहाला पहिला. घड्याळात साडेनऊ.

एवढी चांगली ओळ मला कधी सुचली नसती.

२३ नोव्हेंबर
ऑफिसातला शिपाई कुंभकोणमचा. म्हणाला, तुमचे भाऊ स्टेशनात झोपतात, तीन रात्री झाल्या, पोर्टरनं उठवलं. मी विचारलं, खाली काही अंथरलं होतं का? वर्तमानपत्र, म्हणाला.

गेलो. सापडला नाही. फलाटावर कुठल्या तरी टपरीत नव्या गायकाची कॅसेट. सूर ठीक. साक्ष अगदी माझीच, फक्त दाराच्या जागी नळ. आईनं नळावर पाणी पिऊ दिलं नाही. वाङ्मयचोरीचा दावा लावायचा तर आधी मालकी सांगावी लागेल.

४ फेब्रुवारी १९९७
सकाळी पुढच्या ओट्यावर गो. पाय पोटाशी घेऊन. वास.

"मागच्या दारानं ये," म्हटलं. "आई काही म्हणणार नाही."
"साक्षीत मागचं दार नाही, अण्णा."
प्यायलेला होता की थट्टा करत होता, कळलं नाही. आमच्या घरात दोन्हीचा चेहरा सारखाच.

आईनं खिडकीतून रसमभात दिला. हात बाहेर काढून त्याच्या केसांतला कचरा काढला. कडी तशीच.

५ फेब्रुवारी
गो. तिथंच. खाल्लं थोडं, ओकला जास्त. आईनं आतून पाण्याची घागर खिडकीपर्यंत उचलली, ओतली, ओटा धुतला. अडुसष्टाव्या वर्षी. मी म्हटलं, "दार उघड, पुरे आता."
"तीन दिवस म्हणाला होता ना तो? कालचा एक, आजचा दुसरा. उद्यां पुरे होतील. मग उघडते, कोणी खोटें म्हणणार नाही."

बोटांवर मोजलं तिनं. आत येऊन पलंगावर बसलो. सांगायचं वाक्य दोनच शब्दांचं आहे. विशेषणसुद्धा लागत नाही.

६ फेब्रुवारी
ऑफिसला गेलो नाही. दुपारी बारा. आई केळफूल सोलत होती, बोटं काळी. तिच्यापुढं बसलो.

"आई, ती साक्ष मी लिहिली होती."
"मज ठाऊक आहे."
तिनं मान वर केली नाही.
"त्या दिवशीं तूं एकटाच हसत होतास. कॉफी दोनदां निवाली. गोपूस एवढें कोठें सुचतें? त्यास तर बोलायलाही येत नाहीं." पाकळी काढून बाजूला ठेवली. "थट्टा केलीस, अंगाशीं आली. मुलें करतात. म्यां काय विचारावें?"

साडेतीन वर्षं ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. मला हलकं वाटलं. खरंच वाटलं, लिहून ठेवतो. त्या हलकेपणात पुढचं बोलून गेलो. "नि गेल्या मार्चात तिरुचीला तो सगळ्यांपुढं सांगून मोकळा झाला, आई. दार लावलं नव्हतं म्हणून. त्यावरूनच काढलं त्याला."

तिचा हात थांबला.
"काय म्हणालास?"
परत सांगितलं.
"म्हणजे दार उघडलें असतें तर तो खोटा पडला नसता."
"नसता."
"मार्चापासून."
"हो."
"हें मज कोणी कां सांगितलें नाहीं?"

 उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. केळफूल मांडीवरून खाली घरंगळलं. दोन वर्षांत कडी गंजून बसलेली. काळ्या हातांनी ओढत राहिली, मला हात लावू दिला नाही. वरवंटा आणून ठोकली तेव्हा निघाली.

ओटा रिकामा. सकाळचा डबा नाही. खाली पायरीवर ओल्या पावलांचे ठसे, चौथ्या घरापर्यंत. पुढं ऊन.

माझ्या मजकुरात तो चौथ्या पहाटे जायचा. एक दिवस आधी गेला. लेखकाचं ऐकायचं त्यानं सोडलं असेल, ही एक आशा. की आणखी एक दिवसही त्याला तिथं राहवलं नाही.

७ फेब्रुवारी
बसस्टँड, स्टेशन, पापनाशमचं दुकान. नाही. पास्टरांकडं गेलो, साक्ष मी लिहिली म्हणून सांगितलं. म्हणाले, "ब्रदर, आता कोणाच्या उपयोगाचं?" प्रार्थना करू का विचारलं. मी करा म्हटलं. त्यांनी केली. मी डोळे मिटले नाहीत.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते. आज एकच बोलली, तेही दाराकडं बघून: "डबा नेला आहे. चार पुडांचा डबा कोणी टाकून देत नाहीं."

कोणी चोरला असेल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य गिळलं.

दार सकाळपासून सताड उघडं. माशा येताहेत. मघाशी एक बकरी आत येऊन केळफुलाच्या पाकळ्या खाऊन गेली, आईनं हाकलली नाही. मी उठून दार लोटायला गेलो, तर म्हणाली, "राहूं दे."